धन्याचें साधन, चाकराचा निरोप

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभीं, म्हणजे सुमारें १११ ते ११३ या वर्षांत, काळ्या समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरील बिथिनिया या रोमन प्रांताचा कारभार धाकट्या प्लिनीकडे होता. वकिलींत आणि लेखनांत नांव मिळविलेला, हिशेबाला चोख आणि स्वभावानें अतिशय सावध असा हा गृहस्थ. प्रांतांतील एका शहराला नवें स्नानगृह बांधूं द्यावें कीं नाहीं, हेंही तो बादशहा ट्रेजन यास पत्रानें विचारीत असे. अशा या प्लिनीच्या घरीं एके दिवशीं दुःखाची वार्ता आली. त्याची पत्नी कॅल्पूर्निया हिचे आजोबा निवर्तले होते. लहानपणीं ज्या आत्यानें तिला वाढविलें, तिच्या सांत्वनासाठीं कॅल्पूर्नियाला शक्य तितक्या लवकर जावयाचें होतें.

रस्ता फार लांबचा होता. परंतु प्लिनीच्या हाताशीं एक जलद साधन होतें. ऑगस्टस बादशहाच्या वेळेपासून चालत आलेली सरकारी डाक साम्राज्याच्या मोठ्या रस्त्यांवरून अखंड धांवत होती. वाटेंत ठिकठिकाणीं घोडे बदलण्याचीं ठाणीं आणि मुक्कामाच्या जागा होत्या. अर्थात् ही सर्व सोय सरकारी कामापुरती. ती वापरण्यास बादशहाच्या नांवाचा परवाना लागे, त्यास दिप्लोमा म्हणत. परवान्याला मुदत असे. मुदत संपलेला परवाना चालवून घ्यावा काय, असें प्लिनीनें पूर्वीं एकदां विचारलें होतें, आणि बादशहानें साफ नाहीं म्हणून कळविलें होतें. म्हणजे नियम काय तो प्लिनीला पुरता ठाऊक होता.

तरीही त्यानें पत्नीला परवाना दिला. मग त्यानें बादशहाला पत्र लिहिलें. आजवर आपण सरकारी कामाखेरीज कोणालाही परवाना दिला नाहीं. परंतु सांत्वनाला जावयाचें तर त्याचें मोल लवकर पोंचण्यांतच असतें, आणि आपल्या आज्ञेची वाट पाहत बसलों असतों तर उशीर झाला असता, असा त्या पत्राचा आशय होता. ट्रेजनचें उत्तर थोडक्यांत आणि प्रेमळ आहे. तूं माझ्यावर भरंवसा ठेवलास तो योग्यच केलास, असें त्यानें कळविलें. हा पत्रव्यवहार प्लिनीच्या पत्रसंग्रहाच्या दहाव्या भागांत आजही वाचावयास मिळतो.

धन्यानें कामासाठीं दिलेलें दळणवळणाचें साधन चाकरानें घरच्या कामाला लावल्याचा इतका स्वच्छ पुरावा याहून जुना क्वचितच सांपडेल. कचेरीनें दिलेल्या मोबाईलवरून घरीं फोन करावा कीं करूं नये, या आजच्या वादांतील बहुतेक सर्व पात्रें या दोन लहानशा पत्रांत हजर आहेत. नियम माहीत असलेला अधिकारी आहे, खरी निकड आहे, मागाहून दिलेली कबुली आहे आणि समजूतदार वरिष्ठही आहे. एक पात्र मात्र कोणाच्याच पत्रांत येत नाहीं, आणि तें म्हणजे वाटेवरच्या गांवांतील शेतकरी. डाकेसाठीं लागणारीं जनावरें आणि गाड्या पुरविण्याचा भार बव्हंशीं त्याच्या माथीं असे. कॅल्पूर्नियाच्या प्रवासाचें बिल, म्हणावयाचें तर, त्यानें भरलें.

सर्वांच्याच वांट्याला असा ट्रेजन आला नाहीं. पुढें १९३ सालीं जो तीन महिन्यांपुरता बादशहा झाला, त्या पर्टिनॅक्सची तरुणपणची गोष्ट त्याच्या प्राचीन चरित्रांत आहे. सीरियांत लष्करी नोकरीवर असतांना त्यानें परवान्यावांचून सरकारी डाक वापरली. तेथल्या सुभेदारानें शिक्षा दिली ती अशी कीं, अँटिऑकपासून आपल्या कामाच्या ठिकाणापर्यंत त्यानें पायीं चालत जावें. चौथ्या शतकांत तर कॉन्स्टँशियस बादशहाच्या अमदानींत बिशप लोक धर्मसभांच्या निमित्तानें सरकारी घोड्यांवरून इतके येऊं-जाऊं लागले कीं, डाकेचें कंबरडेंच मोडलें, असें अमिएनस या इतिहासकारानें लिहून ठेवलें आहे. रोमन कायद्यांच्या थिओडोशियन संहितेंत या डाकेच्या दुरुपयोगाविरुद्ध एक स्वतंत्र प्रकरणच आहे. त्यांतील आज्ञा पुन्हांपुन्हां काढाव्या लागल्या यावरून त्या किती पाळल्या जात असतील याचा अंदाज करावा.

हा प्रश्न उत्पन्न होण्यास एक गोष्ट अवश्य असते, ती म्हणजे घर आणि कचेरी यांचे हिशेब निराळे असले पाहिजेत. मराठेशाहींतील पत्रें ज्यांनीं चाळलीं असतील त्यांना माहीत आहे कीं, एकाच पत्रांत वरच्या अंगाला फौजेची हालचाल, मध्यें वसुलाची तक्रार आणि शेवटीं घरांतल्या कोणाच्या दुखण्याची विचारपूस असे. तें पत्र नेणाऱ्या जासुदाला कोणता मजकूर सरकारी आणि कोणता घरचा हें विचारण्याचें कोणाच्या मनांतही येत नसे. कारण दौलत हीच घराण्याची होती. जेथें धन्याचें घर आणि राज्य एकच असतें तेथें चाकराच्याही दोन वह्या नसतात. दोन वह्या झाल्या म्हणजे मग चोरी कशाला म्हणावें हा वाद सुरू होतो.

इंग्लंडांत त्या वह्या निराळ्या होत होत्या, आणि म्हणूनच तेथें या वादाची मोठी मौज पाहावयास मिळते. पार्लमेंटच्या सभासदांचीं पत्रें टपालानें मोफत जावीं असा हुकूम १६५२ सालीं निघाला. हेतु चांगलाच होता. लोकप्रतिनिधीनें मतदारांशीं पत्रव्यवहार ठेवावा आणि त्याचा खर्च त्याच्या खिशाला बसूं नये. पत्राच्या बाहेरच्या बाजूस सभासदानें सही केली म्हणजे झालें. या सहीला फ्रँक म्हणत.

त्या काळीं टपाल ही चैनीची वस्तु होती. हंशील अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर आकारीत, आणि तें बहुधा पत्र घेणाऱ्याला भरावें लागे. १८३९ च्या सुमारास लंडनहून एडिंबरोला एका कागदाचें पत्र जाण्यास एक शिलिंग दीड पेनी पडे. गरिबाला ही रक्कम झेंपण्यासारखी नव्हती. अशा वेळीं ज्याच्या सहीनें पत्र फुकट जातें असा मनुष्य ओळखीचा असणें ही केवढी दौलत असेल! सभासद कोऱ्या कागदांवर सह्या करून ते मित्रांना देऊं लागले. मित्र ते आपल्या मित्रांना देऊं लागले. परदेशीं जाणाऱ्या टपाल-जहाजांच्या जुन्या नोंदींत तर मोफत म्हणून गेलेल्या गोष्टींची जी यादी सांगतात ती वाचून हंसूं आवरत नाहीं. शिकारी कुत्र्यांच्या पंधरा जोड्या, वकिलातीसाठीं मोज्यांचे दोन गठ्ठे, परटिणीच्या कामासाठीं निघालेल्या दोन मोलकरणी, आणि एका डॉक्टरसाहेबांबरोबर त्यांची गाय!

सरकारनें एकेक भोंक बुजविण्यास आरंभ केला. १७६४ च्या कायद्यानें ठरलें कीं, नुसती सही चालणार नाहीं. संपूर्ण पत्ता सभासदानें स्वतःच्या हातानें लिहिला पाहिजे. दुसऱ्याच्या सहीची नक्कल करणाराला सात वर्षें काळें पाणी. १७८४ सालीं आणखी एक अट आली. पत्र टाकल्याचा दिवस, महिना, वर्ष आणि गांव हीं सभासदानेंच लिहावीं. १७९५ सालीं संख्येवर आणि वजनावर मर्यादा घातली. दिवसाला दहा पत्रें पाठवावीं, पंधरा घ्यावीं, आणि वजन एका औंसाच्या वर नसावें. हे सर्व नियम वाचीत असतांना आजच्या कचेऱ्यांतील फोनविषयींचीं परिपत्रकें डोळ्यांपुढें उभीं राहिल्यावांचून राहत नाहींत. मिनिटांची मर्यादा, क्रमांकांची नोंद, सही, शिक्का. क्रम अगदीं तोच.

आणि तरीही सभ्य समाज याला चोरी म्हणत नव्हता, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. जेन ऑस्टिनच्या ‘मॅन्सफील्ड पार्क’ या १८१४ च्या कादंबरींत दहा वर्षांची फॅनी मावशीच्या श्रीमंत घरीं नव्यानेंच राहावयास आलेली असते. दूर राहिलेल्या भावाच्या आठवणीनें ती जिन्यावर बसून रडते. पत्र लिहावें तर त्या बिचाऱ्याला हंशील भरावें लागणार. तिचा मावसभाऊ एडमंड तिची समजूत घालतो कीं, घरचे यजमान सर टॉमस पत्रावर सही करतील, भावाला कांहींच पडणार नाहीं. सर टॉमस हे पार्लमेंटचे सभासद. ऑस्टिनबाईंनीं हा प्रसंग एडमंडच्या चांगुलपणाचा पुरावा म्हणून घातला आहे, आणि वाचकालाही तसेंच वाटतें. राष्ट्राच्या तिजोरीला त्या पत्रामुळें कांहीं पेनींची तूट आली, हा विचार कोणाच्या मनाला शिवतही नाहीं. वस्तुतः त्या पेनी भरीत होते ते ज्यांना कोणी सर टॉमस नव्हता असे लोक. सवलतीच्या फुकट पत्रांचा भार हा नेहमींच सवलत नसलेल्यांच्या हंशिलावर पडतो. बिथिनियाचा शेतकरी येथें वेष पालटून पुन्हां आला आहे इतकेंच.

या साऱ्या गुंतागुंतीचा निकाल लागला तो कायदे कडक करून नव्हे. एका शिक्षकानें तो लावला. रोलंड हिल हा मूळचा शाळा चालविणारा मनुष्य. त्यानें १८३७ सालीं टपालसुधारणेवर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. त्यांत त्यानें गणित करून दाखविलें कीं, लंडनहून एडिंबरोपर्यंत एक पत्र वाहून नेण्याचा प्रत्यक्ष वाहतूक-खर्च एका पेनीचा अवघा छत्तिसावा भाग आहे. खरा खर्च होतो तो प्रत्येक पत्राचें अंतर मोजणें, हंशील ठरविणें, तें वसूल करणें आणि त्याचा हिशेब ठेवणें यांत. तेव्हां अंतर कितीही असो, अर्ध्या औंसापर्यंतच्या पत्राला एक पेनी घ्यावी, आणि तीही आगाऊ. १० जानेवारी १८४० रोजीं हा सरसकट एक पेनीचा दर अमलांत आला आणि त्याच दिवशीं सभासदांची फ्रँकची सवलत बंद झाली. राणी व्हिक्टोरियानेंही आपला मोफत टपालाचा हक्क सोडून दिला. १८३९ सालीं सुमारें ७ कोटि ६० लक्ष पत्रें गेलीं होतीं. १८४० सालीं तीं सुमारें १६ कोटि ९० लक्ष झालीं. ज्या कृत्यासाठीं काळ्या पाण्याची शिक्षा सांगितली होती, तें करण्याचें कारणच एका पेनीनें नाहींसें केलें.

हिंदुस्थानांत कंपनीची डाक ही आरंभीं कंपनीच्याच कामासाठीं होती. १७७४ सालीं वॉरन हेस्टिंग्जनें बंगालची डाक सर्वांना खुली केली. शंभर मैलांस दोन आणे असा दर ठेवून त्यासाठीं दोन आण्यांचीं तांब्याचीं तिकिटें पाडलीं. डलहौसीच्या वेळीं १८५४ सालीं पाव तोळ्याच्या पत्राला देशांत कोठेंही अर्धा आणा हा दर आला, आणि १८६६ पासून सरकारी कचेऱ्यांसाठीं ‘सर्व्हिस’ असा छाप मारलेलीं तिकिटें निघालीं. त्या एका शब्दानें पूर्वीं धूसर असलेली रेघ स्पष्ट झाली. घरच्या पत्राला सर्व्हिसचें तिकीट लावणारा कारकून आपण काय करीत आहों हें जाणून करीत असे.

त्यानंतर टेलिफोन आला. १८८२ सालीं कलकत्ता, मुंबई आणि मद्रास या शहरांत त्याचीं मध्यवर्ती केंद्रें सुरू झालीं. पत्रापेक्षां या यंत्राची गोष्ट निराळी होती. पत्र लिहिण्यास कागद, शाई आणि अवकाश लागतो. फोन मेजावरच असतो, आणि बोलावयास काय लागतें? घरीं फोन असणें ही अनेक दशकें थोड्यांच्या नशिबीं होतें, त्यामुळें कचेरीचा फोन हा कित्येक कुटुंबांचा एकुलता एक फोन होता. मुलाचा निकाल, आजाऱ्याची खबर, पाहुण्यांची गाडी, सारें त्या एका काळ्या यंत्रावरून चाले. परगांवच्या ट्रंक कॉलची वही ठेवीत. १९६० सालीं कानपूर आणि लखनौ यांच्यामध्यें मध्यस्थावांचून परगांवीं फोन लावण्याची सोय झाली, आणि ती पुढें देशभर पसरली, तेव्हां वहीचा उपाय लंगडा पडला. मग फोनच्या तबकडीच्या भोंकांत एक लहानसें कुलूप बसलें. हें कुलूप लावून किल्ली खिशांत ठेवणारा हेडक्लार्क आणि खटक्यावर टिचक्या मारून तरीही क्रमांक लावणारा शिपाई, हे त्या काळच्या कचेरीचे दोन अंगभूत घटक होत.

येथवरचा सगळा झगडा खर्चाचा होता. घोडा कोणाचा, हंशील कोणाचें, मिनिटें कोणाचीं. परंतु टेलिफोननें एक नवीच गोष्ट शक्य केली होती. धन्याला आतां चाकराचा निरोप ऐकतां येत होता.

अमेरिकेंत १९८३ सालीं एका अपील कोर्टापुढें असा खटला आला. जाहिरातीची जागा फोनवरून विकणाऱ्या एका कंपनींत नोकरांचे विक्रीचे फोन देखरेखीसाठीं ऐकण्याचा प्रघात होता, आणि तो नोकरांना माहीत होता. जेवणाच्या सुट्टींत एका बाईला तिच्या मैत्रिणीचा फोन आला आणि दुसऱ्या नोकरीच्या मुलाखतीविषयीं बोलणें निघालें. वरिष्ठांनीं तेंही ऐकलें. कोर्टानें जी कसोटी घातली ती व्यवहारी आहे. फोन खाजगी आहे कीं कामाचा हें कळण्यापुरतेंच धन्यानें ऐकावें. खाजगी आहे असें कळतांच कान काढून घ्यावा. यंत्र त्याचें आहे म्हणून त्यावरचें सर्व बोलणें त्याचें होत नाहीं.

इंग्लंडांतील ॲलिसन हॅलफर्ड यांचें प्रकरण याहून गंभीर. मर्सीसाइडच्या पोलीसदलांत त्या १९८३ पासून असिस्टंट चीफ कॉन्स्टेबल होत्या. त्या वेळीं ब्रिटनमध्यें इतक्या वरच्या हुद्द्यावर दुसरी स्त्री-पोलीस नव्हती. वारंवार बढती नाकारली गेल्यावर, स्त्री म्हणून आपल्याला डावललें जातें, अशी फिर्याद त्यांनीं १९९० सालीं गुदरली. त्यांच्या खोलींत दोन फोन होते. त्यांतला एक त्यांच्या खाजगी उपयोगासाठीं दिलेला. दोहोंचाही खर्च खात्याचा. हेच कचेरींतले फोन चोरून ऐकले गेले, अशी त्यांची तक्रार होती. सरकारचें म्हणणें असें कीं, फोन खात्याचा, खर्च खात्याचा, तेव्हां त्यावर गुप्ततेची अपेक्षा धरण्याचें कारण नाहीं. हा युक्तिवाद हिशेबाच्या वहीप्रमाणें बिनतोड आहे. युरोपीय मानवी हक्क न्यायालयानें मात्र २५ जून १९९७ रोजीं तो फेटाळला. कामाच्या जागेवरून केलेला फोनही मनुष्याच्या खाजगी जीवनांत मोडतो, आणि ऐकलें जाईल अशी पूर्वसूचना नसतां तो ऐकणें हा हक्कभंग आहे, असा निकाल दिला. हॅलफर्डबाईंना १०,००० पौंड भरपाई मिळाली. ज्या खात्याविरुद्ध मनुष्य दाद मागतो, त्याच खात्याच्या फोनवरून त्याला आपल्या वकिलाशीं बोलावें लागतें. असा प्रसंग पाहिला म्हणजे हा प्रश्न पेनी आणि शिलिंगांत कां सुटत नाहीं तें कळतें.

आतां मोबाईलकडे वळावयाचें. खिशांत तर नव्हे, पण हातांत मावणारा पहिला फोन अमेरिकेंत १९८३ सालीं विक्रीस मंजूर झाला तेव्हां त्याची किंमत ३,९९५ डॉलर होती आणि सुमारें अर्धा तास बोलल्यावर तो थकत असे. ही धन्यानेंच द्यावयाची वस्तु होती. १९८९ सालीं अमेरिकन काँग्रेसनें करकायद्यांत तिची गणना मोटारीसारख्या अशा मालांत केली कीं, ज्याचा घरगुती उपयोग होण्याचा संभव फार. परिणाम असा झाला कीं, कंपनीनें दिलेल्या फोनवरून केलेला कामाचा प्रत्येक फोन कागदावर दाखवून द्यावा, न दिल्यास तो फोन म्हणजे नोकराचें उत्पन्न समजून त्यावर कर घ्यावा. एक फोन बायकोला, तीन गिऱ्हाइकांना, एक मुलाच्या शाळेंत. कोणी किती दिवस असें टिपून ठेवील? दर उतरत गेले, महिन्याचें ठराविक बिल देऊन वाटेल तितकें बोलण्याची सोय झाली, आणि घरच्या फोनाचा वेगळा खर्च असा कांहीं उरलाच नाहीं. तरी कायदा वीस वर्षें वही मागतच राहिला. अखेर २७ सप्टेंबर २०१० रोजीं ती तरतूद रद्द झाली. पुढल्या वर्षीं करखात्यानें जाहीर केलें कीं, कामाच्या खऱ्या गरजेसाठीं दिलेल्या फोनवरून नोकर घरीं बोलला तर तो क्षुल्लक लाभ समजावा, त्यावर कर नाहीं. रोलंड हिलला जें १८३७ सालीं दिसलें तेंच या खात्याला २०११ सालीं दिसलें. हिशेब ठेवण्याचा खर्च मालाहून भारी झाला होता.

आपल्याकडे मोबाईलवरचा पहिला फोन ३१ जुलै १९९५ रोजीं ज्योति बसूंनीं कलकत्त्याहून दिल्लीस सुखराम यांना केला. त्यानंतर कित्येक वर्षें येणाऱ्या फोनालाही पैसे पडत; ते १ मे २००३ पासून थांबले. कंपनीनें दिलेल्या फोनवर बायकोचा फोन आला तरी बिल वाढे, ही अडचण त्या दिवशीं संपली.

परंतु ज्या २०१० सालीं अमेरिकेंत खर्चाचा प्रश्न मिटला, त्याच सालीं जून महिन्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें गुपिताच्या प्रश्नावर निकाल दिला. कॅलिफोर्नियांतील ऑन्टारियो या शहराच्या पोलीसखात्यानें २००१ सालीं आपल्या कांहीं शिपायांना संदेश पाठविण्याचे पेजर दिले होते. महिन्याला पेजरमागें २५,००० अक्षरें मोफत, वर गेल्यास जादा आकार. एक सार्जंट वारंवार मर्यादा ओलांडी. वरच्या अधिकाऱ्यानें त्याला सांगितलें कीं, जादा पैसे तूं भरून टाक, म्हणजे मला तुझे संदेश तपासावे लागणार नाहींत. तो भरीत राहिला. पुढें या वसुलीचा कंटाळा आल्यावर, ठरविलेली मर्यादाच अपुरी आहे काय हें पाहण्यासाठीं म्हणून, खात्यानें दोन महिन्यांचे संदेश कंपनीकडून मागविले. त्यांतील एका महिन्यांत कामाच्या वेळीं आलेल्या-गेलेल्या ४५६ संदेशांपैकीं कामाचे फार तर ५७ निघाले. उरलेल्यांत पत्नीला आणि दुसऱ्या एका स्त्रीला लिहिलेले असे मजकूर होते कीं, ते तिसऱ्याच्या नजरेस पडावे असें कोणालाही वाटणार नाहीं.

या सार्जंटाची बाजू घेण्याचें कारण नाहीं. पण त्यानें केलेला सौदा पाहण्यासारखा आहे. त्याची समजूत अशी कीं, पैसे भरले म्हणजे गुपित आपलें झालें. प्लिनीपासून राणी व्हिक्टोरियापर्यंत ही समजूत बरोबर ठरली असती, कारण वाद खर्चाचाच होता. येथें ती कामास आली नाहीं. तपासणी वाजवी कारणानें आणि वाजवी बेतानें झाली, म्हणून ती कायदेशीर, असें न्यायालयानें एकमतानें ठरविलें. धन्याच्या यंत्रावर नोकराला गुप्ततेचा हक्क आहे कीं नाहीं, या मूळ प्रश्नाचें उत्तर देण्याचें मात्र न्यायमूर्ति केनेडी यांनीं हेतुपुरस्सर टाळलें. यंत्रें आणि रीति इतक्या झपाट्यानें बदलत आहेत कीं, आज कायमचा नियम घालणें धोक्याचें, असें त्यांचें म्हणणें पडलें.

युरोपनें उत्तर देण्याचें टाळलें नाहीं. वेल्समधील एका महाविद्यालयानें आपल्या नोकर बाईचे फोन ऐकले नव्हते. फक्त बिलें तपासून कोणत्या क्रमांकावर, केव्हां, किती वेळ बोलणें झालें तें पाहिलें होतें. तोही हक्कभंगच, असें त्याच मानवी हक्क न्यायालयानें ३ एप्रिल २००७ रोजीं ठरविलें. ५ सप्टेंबर २०१७ रोजीं रुमानियाच्या एका नोकराच्या प्रकरणांत अकरा विरुद्ध सहा मतांनीं निकाल झाला कीं, खाजगी उपयोगाला मनाई करणें निराळें आणि न सांगतां मजकूर वाचणें निराळें. देखरेख आहे आणि ती किती खोल आहे, हें नोकराला आधीं कळलें पाहिजे. त्याच्या बारा दिवस आधीं, २४ ऑगस्टला, दिल्लींत नऊ न्यायमूर्तींनीं खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असें एकमतानें जाहीर केलें होतें. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक माहितीविषयक कायद्याच्या सातव्या कलमांत मात्र नोकरीच्या कामासाठीं, किंवा धन्याचें नुकसान टाळण्यासाठीं, नोकराची माहिती त्याच्या संमतीवांचूनही वापरण्याची वाट मोकळी ठेवली आहे. ती वाट किती रुंद, हें न्यायालयांनाच ठरवावें लागेल.

दरम्यान दुसऱ्या बाजूनें एक गंमत झाली. फोन इतके स्वस्त झाले कीं, धन्यानें ते देण्याचें कारणच उरेनासें झालें. नोकराच्याच खिशांत एक असतो, त्यावर त्याला बोलवावें म्हणजे झालें. कॅलिफोर्नियांतील एका कंपनीच्या गिऱ्हाइकखात्यांतील नोकरानें सर्वांच्या वतीनें फिर्याद केली कीं, कचेरीचे फोन आम्ही आमच्या खाजगी मोबाईलवरून करतों, त्याचे पैसे कोणी द्यावयाचे? कंपनीचें म्हणणें, तुमचें महिन्याचें बिल ठराविकच आहे, आमच्या फोनांमुळें तें एका पैशानेंही वाढलें नाहीं. १२ ऑगस्ट २०१४ रोजीं तेथील अपील कोर्टानें निकाल दिला कीं, बिल वाढलें असो वा नसो, तें नोकर भरीत असो किंवा त्याच्या घरचें दुसरें कोणी, धन्यानें त्यांतला वाजवी वांटा दिलाच पाहिजे. वाजवी म्हणजे किती, हें कोर्टानें सांगितलें नाहीं.